मोगऱ्याची छाटणी

चैत्र-वैशाखात मोगरा पानांनी गच्च भरतो, परंतु कळी धरत नाही, अशी अनेक घरांची तक्रार असते. वर्षानुवर्षे जोपासलेले झुडूप अखेर कंटाळून उपटले जाते. दोष बहुधा रोपाचा नसतो. मोगऱ्याला फुले येतात ती नव्या फुटव्यावर. छाटणी टळली की जुन्या फांद्याच लांबत राहतात.

याकरिता डिसेंबर-जानेवारीत काही दिवस पाणी कमी करावे, माती कोरडी पडू द्यावी आणि फांद्या निम्म्यावर छाटाव्यात. वाळलेल्या काड्या बुडापासून काढाव्यात. नंतर मुळांलगतची माती हलकेच उकरून कुजलेले शेणखत मिसळावे व पाणी पुन्हा सुरू करावे. युरियासारखे नत्रयुक्त खत अधिक झाल्यास पालाच माजतो. कुंडी १२ इंचांहून लहान नसावी आणि तिला दररोज ५-६ तास ऊन मिळावे. दाट सावलीत मोगरा फुलत नाही. बहर ओसरताच शेंडे खुडल्यास पुन्हा फुटवा येतो व त्यावर कळ्या धरतात.

मदनबाण असो वा बटमोगरा, रीत हीच. झाड काढून टाकण्यापूर्वी एक हिवाळा त्यावर कात्री अवश्य चालवून पाहावी.