घरची बिअर आणि बाजारची नीति

आपल्या सुशिक्षित समाजाच्या नीतिकल्पनांत ज्या कांहीं विसंगति सुखानें नांदत आहेत, त्यांपैकीं एकीकडे वाचकांचें लक्ष वेधावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. जी वस्तु विकत आणण्यांत कोणास वावगें वाटत नाहीं, तीच घरीं करणें मात्र असभ्यपणाचें, किंबहुना गुन्ह्याचें, समजलें जातें. ही वस्तु म्हणजे बिअर. गेल्या वर्षीं अध्यापनाच्या निमित्तानें मी इंग्लंडांत यॉर्कशायर परगण्यांत राहिलों, आणि त्या वर्षभरांत दहा वेळां घरीं बिअर केली. परत आल्यावर ही हकीकत ज्यांच्या कानीं गेली, त्यांतील बहुतेकांनीं नाकें मुरडलीं. प्राध्यापकानें दारू गाळावी, म्हणजे काय! मौज अशी कीं, यांतील कित्येकांच्या घरीं शीतकपाटांत कारखान्याच्या बाटल्या असतात, आणि त्या पाहुण्यांपुढें ठेवतांना त्यांचा हात कांपत नाहीं.

जे मद्याला मुळींच शिवत नाहींत, त्यांच्याशीं माझा वाद नाहीं. त्यांची भूमिका सुसंगत आहे, आणि मला ती आदरणीय वाटते. वाद आहे तो विकत घेण्यांत शिष्टाचार व तयार करण्यांत अनाचार पाहणाऱ्यांशीं, आणि त्यांच्यासारखाच विचार करणाऱ्या कायद्याशीं.

प्रथम एका शब्दाचा निकाल लावला पाहिजे. आपल्या भाषेंत दारू 'गाळतात'. हा प्रयोग भट्टीच्या दारूस योग्य आहे. कारण तेथें आंबलेला रस तापवून त्याची वाफ थंड करतात व मद्यार्क गोळा करतात. बिअर अशी गाळली जात नाहीं. ती आंबवली जाते. तिच्यांत मद्यार्काचें प्रमाण सामान्यतः शेंकडा चार-पांच असतें. भट्टीच्या दारूंत तें शेंकडा चाळिसावर जातें. आंबवण्यांत बिघाड झाला तर पेय आंबट होऊन मोरींत ओतावें लागतें. भट्टींत बिघाड झाला तर घर पेटण्याचें भय असतें. इतक्या भिन्न क्रियांना एकच क्रियापद लावलें, कीं विचारही एकाच खड्ड्यांत जाऊन पडतो.

मग या क्रियेंत आहे तरी काय? जवाला मोड आणून तो वाळवतात, भाजतात व भरडतात. ज्या घरांत नाचणीला मोड आणून तान्ह्या मुलासाठीं सत्त्व करतात, त्या घराला यांत नवें कांहीं नाहीं. मोड येतांना धान्यांत कांहीं पाचक द्रव्यें उत्पन्न होतात. भरड सुमारें ६६ अंश उष्णतेच्या पाण्यांत तासभर ठेवली, म्हणजे तीं द्रव्यें पिठूळ अंशाची साखर करतात. तें गोड पाणी निथळून घेऊन हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांसह तासभर उकळतात. फुलांनीं कडूपणा येतो आणि टिकाऊपणा वाढतो. मग तें २० अंशांपर्यंत निववून त्यांत यीस्ट, म्हणजे आपल्या जुन्या ग्रंथांतलें किण्व, सोडतात. दोन आठवडे तें आंबतें; नंतर चिमूटभर साखर घालून बाटल्यांत भरल्यावर आणखी दोन आठवडे थांबावें लागतें. सव्वादोन किलो जवांतून दर खेपेस मला सुमारें १० लिटर बिअर मिळाली. दहा खेपांची १०० लिटर. ती आम्हां दोघांत व पाहुण्यांत वर्षभर पुरली. श्रमांचा मोठा भाग भांडीं घासण्यांत व निर्जंतुक करण्यांत गेला. थंडीच्या दिवसांत विरजणाच्या भांड्याभोंवतीं फडकें गुंडाळून ठेवणाऱ्या गृहिणीला जें ठाऊक आहे, त्याहून फारसें निराळें शास्त्र मला त्या वर्षांत लागलें नाहीं.

आणि हें शास्त्र होतेंही गृहिणींचेंच. चौदाव्या शतकापर्यंत इंग्लंडांत बिअरचें काम मुख्यत्वें बायकाच करीत. घरापुरती ठेवून उरलेली शेजारीं विकीत. १५१६ सालच्या बव्हेरियांतील प्रसिद्ध निर्बंधांत जव, हॉप आणि पाणी एवढींच द्रव्यें सांगितलीं आहेत. यीस्टचें नांव नाहीं, कारण तिचें स्वरूपच तेव्हां कोणास कळलें नव्हतें. पाश्चरचा बिअरवरील ग्रंथ १८७६ चा, आणि कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत हान्सेननें एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवली ती १८८३ सालीं. तोंपर्यंत हें ज्ञान पुस्तकांत नव्हतें, हातांत होतें.

आतां कोणी म्हणेल, हीं पाश्चात्यांचीं उदाहरणें आपणांस कशाला? ठीक आहे, घरच्याच ग्रंथाकडे वळूं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षावर स्वतंत्र प्रकरण आहे. मद्यावर राज्याचें कडक नियंत्रण असावें, कोणी किती विकावें, कोठें प्यावें, याचे नियम त्यांत आहेत. कौटिल्य हा कांहीं ढिलाईचा पुरस्कर्ता नव्हे. तरीही गृहस्थांनीं घरच्या कार्यप्रसंगीं सौम्य सुरा करावी, औषधासाठीं अरिष्ट करावें, अशी स्पष्ट मुभा तो देतो. राज्याचा महसूल आणि गृहस्थाचें घर यांच्यामध्यें उंबरठा आहे, हें त्या कठोर राजनीतिज्ञाला मान्य होतें. आजही द्राक्षासव व कुमार्यासव हीं आंबवूनच सिद्ध होतात, आणि त्यांच्या बाटल्या सोंवळ्या घरांतही औषधांच्या फळीवर मानानें बसतात.

हा उंबरठा पुसला कोणीं? नीतिवाद्यांनीं नव्हे, खजिन्यानें. इंग्लंडांत विल्यम कॉबेट यानें १८२१-२२ सालीं 'कॉटेज इकॉनमी' लिहिली. तिचा आरंभच घरीं बिअर कशी करावी येथून होतो. आणि मोड आलेल्या धान्यावरील करानें गरिबाच्या झोंपडींतून ही विद्या हुसकून लावली, अशी त्याची तक्रार आहे. १८८० सालीं ग्लॅडस्टननें तो कर काढून बिअरवरच कर बसवला, आणि घरगुती बिअरसाठीं परवाना काढण्याची सक्ति केली. ती १९६३ पर्यंत टिकली. अमेरिकेंत १९७८ च्या कायद्यानें एका प्रौढास वर्षाला १०० गॅलन व दोन प्रौढांच्या घरास २०० गॅलन बिअर स्वतःपुरती करण्याची मोकळीक झाली.

आपल्याकडे १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें मद्योत्पादन सरकारच्या व मक्तेदारांच्या मुठींत गेलें. १८९२ च्या कायद्यानें तर ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाचीं फुलें बाळगण्यावरही निर्बंध आले. मोहाची दारू भट्टीची असते, म्हणून ती माझ्या प्रतिपादनाच्या बाहेरची आहे. परंतु सरकारचा हेतु काय होता, हें या इतिहासावरून लख्ख दिसतें. रानांतला माणूस दारू पितो याचें त्या सरकारास दुःख नव्हतें. तो कर न भरतां पितो, याचें होतें. त्यांतून दोन पिढ्यांत अशी समजूत रुजली कीं, ज्यावर सरकारी शिक्का आहे तें पेय, आणि ज्यावर नाहीं तें पाप. महसुलाची सोय नीतीचें वस्त्र पांघरून आपल्या माजघरांत शिरली, आणि आपण तिला कुलदेवता समजून बसलों.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा उगम निराळा, उदात्त ध्येयवादांत आहे, हें मी मान्य करतों. गांधीजींचा दारूबंदीचा आग्रह सर्वश्रुत आहे; घरच्या मिठाचा दाखला देऊन त्यांना माझ्या पक्षास ओढण्याचा अप्रामाणिकपणा मी करणार नाहीं. घटनेचें ४७ वें कलमही त्याच दिशेचें आहे. पण त्या ध्येयाचें आज महाराष्ट्रांत काय उरलें आहे? पिण्याचा परवाना मिळतो. द्राक्षांच्या वाइनला २००१ च्या धोरणानें सवलती मिळाल्या. पुण्यांत २००९ पासून उपाहारगृहांत जागच्या जागीं बिअर तयार होते व विकली जाते. चंद्रपुरास २०१५ सालीं लावलेली बंदी २०२१ सालीं उठली. म्हणजे करणें मना नाहीं, विकणें मना नाहीं, पिणें मना नाहीं. मना एवढेंच कीं, गृहस्थानें तें न विकतां स्वतःपुरतें करावें! यांत ध्येय कोठें राहिलें? हा तर बाजाराचा विजय आहे.

दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला विषबाधेचा. मुंबईंत मालवणी भागांत २०१५ च्या जूनमध्यें विषारी दारूनें शंभरांवर माणसें मेलीं. त्या घटनेला हलकें लेखणारा माणूस निर्दय म्हटला पाहिजे. परंतु तीं माणसें मेलीं तीं मिथाइल अल्कोहोलनें, आणि तें विष धंदेवाल्यांनीं विक्रीच्या दारूंत मिसळलेलें होतें. जव आंबवून असा घात होत नाहीं. आंबवण्याला मोकळीक म्हणजे भट्टीला मोकळीक नव्हे; इंग्लंडांतही परवान्यावांचून दारू गाळणें आजही गुन्हाच आहे.

दुसरा आक्षेप व्यसनाचा, आणि तो अधिक खोल आहे. नवऱ्याच्या दारूपायीं ज्या बायकांचे संसार उद्ध्वस्त झाले, त्यांनीं गांवोगांव दुकानें बंद पाडलीं, त्यांच्यापुढें मी नम्र आहें. घरीं बिअर करणारा व्यसनी होणारच नाहीं, असेंही मी म्हणत नाहीं. पण ज्या क्षणीं इच्छा होते त्याच क्षणीं तृप्ति मिळणें, हें व्यसनाचें मोठें खतपाणी आहे; आणि तें दुकान पुरवतें. घरच्या बिअरला चार आठवडे लागतात. दुकानांतल्या बाटलीस मोजायचे ते रुपये. घरच्या बाटलीस घासलेलें भांडें, जागवलेली रात्र आणि वाट पाहण्याचे दिवस मोजावे लागतात. इतक्या महाग पडलेल्या वस्तूची उधळमाधळ माणसाकडून सहसा होत नाहीं.

माझी मागणी अल्प आहे. भट्टी नको, विक्री नको; प्रौढ गृहस्थानें ठराविक मर्यादेंत, स्वतःच्या घरापुरतें आंबवलेलें पेय करणें हा गुन्हा नसावा. आणि हें ज्यांना मान्य नसेल, त्यांनीं दुकानें, उपाहारगृहें व कारखाने बंद करण्याची मागणी तितक्याच जोरानें करावी. मी त्यांना प्रामाणिक म्हणेन. परंतु बाटलीवर कारखान्याचें नांव असलें कीं ती सभ्य, आणि घरच्या हातचा वास आला कीं ती अपवित्र, ही नीति नव्हे. हा हातांनीं काम करण्याविषयींचा आपल्या पांढरपेशा वर्गाचा जुना तिटकारा आहे. लोणचें, पापड, दिवाळीचा फराळ, सारें एकेक करून आपण बाजाराच्या स्वाधीन केलें. करण्याची विद्या गेली आणि विकत घेण्याची ऐपत तेवढी प्रतिष्ठा होऊन बसली. बिअर कोणाच्या घरीं होवो वा न होवो, महाराष्ट्राचें त्यावांचून कांहीं अडलेलें नाहीं. पण जो समाज करणाऱ्याला गुन्हेगार आणि विकत घेणाऱ्याला सभ्य गृहस्थ म्हणतो, त्यानें आपली नीति कोणत्या दुकानांतून आणली, हें एकदां तपासून पाहणें अगत्याचें आहे.