सक्तीची लष्करी सेवा: कुणाच्या पोराने करायची?



थोडं लांबलंय, सवडीने वाचा. पटलं नाही तर जरूर सांगा, पण आधी शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

गोष्ट १० मे २०२५ ची. शनिवार होता. इथे सिंगापुरात एका मित्राकडे आम्ही पाच-सहा मराठी कुटुंबं जेवायला जमलो होतो. ऑपरेशन सिंदूरचा चौथा दिवस. मिसळ बाजूला आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. जेवणं चालू असतानाच शस्त्रसंधीची बातमी आली आणि एकदम गलका झाला. "आता थांबायचं कशाला?" "एकदाच काय तो निकाल लावायचा होता." मग नेहमीप्रमाणे गाडी घसरली देशातल्या पोरांच्या बेशिस्तीवर, आणि एकाने ठणकावून सांगितलं, "भारतात प्रत्येकाला दोन वर्षं सक्तीची मिलिटरी करा. सगळे सरळ होतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटं कशाला सांगू, मीही डोलावली.

अर्ध्या तासाने आईस्क्रीम आलं आणि विषय बदलला. एका जोडप्याचा मुलगा सोळाचा होत होता. त्याचा पीआर आता सोडावा का, सोडला तर नंतर काय अडचणी येतात, ऑस्ट्रेलियाला बदली मिळाली तर बरं, कोणी वकील ओळखीचा आहे का, अशी चर्चा रंगली. माहिती द्यायला सगळे पुढे. मघाशी ठणकावून बोलणारे गृहस्थ तर सर्वांत पुढे.

परत येताना एमआरटीत बायको म्हणाली, "मघाशी तू मान हलवलीस ना सक्तीच्या मिलिटरीला? मग आपल्या पोराचा पीआरचा अर्ज तीन महिने अर्धवट भरून का ठेवलायस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हे पत्र म्हणजे ते उत्तर शोधायचा प्रयत्न आहे.

जे सिंगापुरात नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात नियम सांगतो. माझ्यासारखा नोकरीनिमित्त आलेला माणूस पीआर झाला तर त्याला नॅशनल सर्व्हिस, म्हणजे इथल्या भाषेत एनएस, माफ असते. पण त्याने मुलाला स्वतःच्या नावावर पीआर करून घेतलं की त्या मुलाला ती लागू होते. मुलींना नाही. साडेसोळाला नोंदणी, अठराच्या सुमारास भरती, पूर्ण दोन वर्षं. ती संपली तरी सुटका नाही. पुढे साधारण चाळिशीपर्यंत (अधिकारी झाला तर पन्नाशीपर्यंत) वर्षातले जास्तीत जास्त ४० दिवस बोलावणं येऊ शकतं. ऑफिसमधला आमचा टेक लीड दर वर्षी दोन-तीन आठवडे 'रिझर्व्हिस्ट'ला जातो, प्रोजेक्टची डेडलाईन काहीही असो. मुलगा तेराचा झाला की तीन महिन्यांहून जास्त परदेशी राहायचं तर परवानगी काढावी लागते, आणि दोन वर्षांहून जास्त राहायचं तर ७५ हजार डॉलरपासून पुढे हमी. सेवा टाळली तर दंड, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सेवा न करता पीआर सोडून गेला तर पुढे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परत यायचं म्हटल्यावर ही गोष्ट विचारात घेतली जाते.

आता कुणी म्हणेल, "बघा, म्हणूनच सिंगापूर एवढं शिस्तीचं आहे, आपल्याकडेही असंच पाहिजे." मंडळी, इथेच आपली गल्लत होते. सिंगापूरने एनएस पोरांना वळण लावायला आणली नाही. ९ ऑगस्ट १९६५ ला हा देश मलेशियातून बाहेर पडला तेव्हा त्याच्याकडे पायदळाच्या जेमतेम दोन बटालियन होत्या. शेजारी इंडोनेशियाशी संघर्ष अजून मिटलेला नव्हता. १९६७ मध्ये सक्तीच्या सेवेचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिशांनी आपलं सैन्य १९७१ पर्यंत काढून घेणार असं जाहीर केलं. लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. एवढ्यातून पगारी फौज उभी करायची तर ना माणसं पुरणार ना पैसा. म्हणून इस्राएलचे सल्लागार आणून, नागरिकांतूनच राखीव फौज तयार करायचा मार्ग त्यांनी घेतला. म्हणजे ही गरजेपोटी केलेली व्यवस्था आहे. शिस्त लागली असेल तर ती वरकड कमाई.

आणि ही व्यवस्था टिकली ती एका अटीवर: कुणाचाही पोरगा असो, सुटका नाही. पुलाऊ टेकाँग नावाच्या बेटावर पहिले नऊ आठवडे ट्रेनिंग असतं. पहिल्या दिवशी आईबाप फेरीबोटीने सोबत जातात, बराकी बघतात, मेसमध्ये जेवतात आणि पोराला तिथे ठेवून परत येतात. त्या बोटीत टॅक्सी चालवणाराही असतो आणि बँकेचा मोठा साहेबही. पन्नास-साठ वर्षं लोकांनी हे सहन केलं, कारण शेजाऱ्याच्या मुलालाही तेच करावं लागतं हे त्यांना डोळ्यांनी दिसत होतं.

आता हेच भारतात करून बघू. इंजिनिअर माणूस, पाकिटाच्या पाठीवर आकडेमोड केल्याशिवाय चैन पडत नाही (ह. घ्या.). भारतात दर वर्षी एक कोटीहून जास्त मुलगे अठरा वर्षांचे होतात. दोन वर्षांची सक्ती केली तर एका वेळी दोन कोटींहून जास्त मुलं गणवेशात. आज आपली तिन्ही दलं मिळून साधारण १४ लाखांच्या घरात आहेत. या पोरांना शिकवायला माणसं कुठून आणणार? सगळी खडी फौज सीमेवरून उठवून ड्रिल घ्यायला बसवली तरी पुरायची नाही. नुसते बूट प्रत्येकी दोन जोड दिले तरी चार कोटी जोड झाले!

मग कोणी म्हणेल, सगळे नकोत, निवडक घ्या. मग निवडायचं कोणी? सोडायचं कोणाला? अमेरिकेतल्या मंडळींना व्हिएतनामच्या वेळची कथा माहीत असेलच. कॉलेजात असलेल्यांना सवलत होती, मग ज्याला कॉलेज परवडलं तो वाचला. इस्राएलमध्ये आपल्या बेने इस्राएल मंडळींची मुलं-मुली सैन्यात जातात, पण तिथेही धर्मशाळेत शिकणाऱ्यांना सूट का, यावर वर्षानुवर्षं वाद चालू राहिला आणि शेवटी जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की अशा सवलतीला कायद्याचा आधार नाही. आपल्याकडे सूट ठेवली तर कुणाचा मुलगा मेडिकल सर्टिफिकेट आणेल आणि कुणाचा लेहला जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

खरं म्हणजे आपल्याकडे वाटणी कधीच झालेली आहे, फक्त कायद्याने नाही. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे. त्याला लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण कामी आले. आजही तिथे घरटी फौजी आहे. आणि दुसरीकडे आपण. एनडीए खडकवासल्याला, पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्याला, तरी मराठी मुलं अधिकारी म्हणून जात नाहीत म्हणून सरकारला १९७७ मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) खास तयारीची संस्था काढावी लागली. मुलं जात का नाहीत? कारण बारावीला मार्क मिळाले की घरोघरी एकच रस्ता ठरलेला असतो. मी अकरावीत एनडीएचा फॉर्म आणला होता. वडील म्हणाले, "आपल्या घरात एक पुरे झाला." फॉर्म तसाच राहिला. मी फार हट्टही केला नाही, हे इथे कबूल करतो.

तो 'एक' म्हणजे माझा मामा. मराठा लाईट इन्फन्ट्री. बेळगावला भरती झाला, पुढे शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेला. १९८७ ते १९९० मध्ये तिथे आपले हजाराहून जास्त जवान गेले. मामा त्याबद्दल कधी बोलत नाही. लहानपणी आम्ही विचारायचो, "मामा, तुम्ही किती मारले?" तो उठून गोठ्यात जायचा. आता कळतं की तो प्रश्न किती वाईट होता.

आज मामाचा नातू, म्हणजे माझ्या मामेभावाचा मुलगा, अग्निवीर आहे. भरतीआधी दीड वर्ष पहाटे चारला उठून गावच्या डांबरी रस्त्यावर पळायचा. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत. पहिल्या भरतीत काही सेकंदांनी गेला, दुसऱ्यांदा लागला. जून २०२२ मध्ये जाहीर झालेली ही योजना: चार वर्षांची नोकरी, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम, बाकीच्यांना साधारण ११ लाख ७१ हजार रुपये घेऊन घरी. पेन्शन नाही. सैन्य तरुण राहावं आणि पेन्शनचा बोजा कमी व्हावा या हेतूंबद्दल मी वाद घालत नाही, त्यात तथ्य आहे. पण एक गोष्ट बघा. हा पोरगा चार वर्षं मागून घेण्यासाठी दीड वर्ष पळाला, आणि त्याच्यासारखे भरतीच्या मैदानावर हजारोंनी असतात. म्हणजे सैन्यात जायला तयार असलेल्या पोरांची आपल्याकडे वाण नाही. असं असताना जे यायला तयार नाहीत त्यांना जबरदस्तीने आणून सैन्याने करायचं काय?

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. आपण सैन्याकडे सुधारगृह म्हणून बघतो. पोरगं ऐकत नाही, पाठवा मिलिटरीत. ट्रॅफिक सुधारत नाही, आणा मिलिटरी. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली, आणि मग तिथला नवा पूल बांधला कोणी? लष्कराने. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुलाही झाला. आम्ही इथे बसून अभिमानाने फोटो फॉरवर्ड केले. पण स्टेशनवरचा पादचारी पूल बांधणं हे लष्कराचं काम आहे का? २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा जवान बोटी घेऊन आले, माझ्या आत्याला त्यांनीच गच्चीवरून काढलं. ते उपकार जन्मभर विसरणार नाही. पुरात, भूकंपात मदतीला धावणं हे त्यांचं कामच आहे. पण जे काम महापालिकेने, रेल्वेने, शाळेने आणि आईबापांनी करायचं, ते प्रत्येक वेळी सैन्याच्या गळ्यात घातलं तर त्यांनी सीमेवरचं काम करायचं कधी? शिस्त लावायची तर घरात लावू. त्यासाठी कुणा सुभेदाराला वेठीला धरायला नको.

आता राहिला माझा अर्धवट अर्ज.

मामाला फोन केला. सगळं सांगितलं. म्हटलं, "मामा, पोराला इथला पीआर केला तर उद्या त्याला इथल्या सैन्यात जावं लागेल. दुसऱ्या देशाचा गणवेश. तुम्हाला चालेल का?" मला वाटलं होतं मामा चिडेल. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गणवेश कुणाचा का असंना. खाल्ल्या मिठाला जागायचं, एवढंच बघ. जागायचं नसंल तर मीठच खाऊ नको."

एवढ्या एका वाक्यात सगळं आलं. पीआर घेतला तर मुलाला शाळेत प्रवेश सोपा, फी कमी, दवाखान्यात सवलत. हे सगळं अठरा वर्षं घ्यायचं आणि बिल आलं की ऑस्ट्रेलियाचं तिकीट काढायचं, हे मला पटत नाही. ज्यांना एनएस नको त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी पीआर घेऊ नये, जास्त फी भरावी, ताठ मानेने राहावं. तो सरळ रस्ता आहे. आणि मुलाला खरंच आजार असेल, घरची काही अडचण असेल तर तो वेगळा मामला.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याच्या वतीने मी सही करतोय आणि फेडणार तो, हे मला डाचतं. मागच्या महिन्यात त्याला क्रांजीच्या युद्धस्मारकावर घेऊन गेलो होतो. तिथल्या भिंतींवर २४ हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत, त्यात आपल्याकडच्या जवानांचीही कितीतरी. त्याने विचारलं, "बाबा, हे इंडियातून इथे कशाला आले होते?" मी म्हटलं, "त्यांना पाठवलं म्हणून आले." तो म्हणाला, "आणि पाठवणारे?" मी काही बोललो नाही.

अर्ज आम्ही पूर्ण केला, मुलाचं नाव घालून. मंजूर होईल न होईल, ते त्यांच्या हातात. झाला तर अकरा वर्षांनी मी आणि बायको त्या फेरीबोटीत असू. तोपर्यंत तो मोठा होईल, त्याला नकोच असेल तर भांडेल आणि मला त्याच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यावं लागेल. दिलं पाहिजे. पण एक मात्र मी ठरवलंय. इथून पुढे कुणाच्या घरी जेवताना "सगळ्यांना मिलिटरीत घाला" असा विषय निघाला तर मान हलवण्याआधी मी विचारणार, "आधी कोणाचा मुलगा? तुझा की माझा?"

असो. फार लांबलं. कुणाला लागलं असेल तर माफ करा, त्या रात्री मान हलवणाऱ्यांत मीही होतो.

चू. भू. द्या. घ्या.

आपला,
एक सिंगापूरकर