लोकर गेली, शिंगे आली

शिकार म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे वाघ उभा राहतो. फार तर रानडुक्कर. मेंढा काही उभा राहत नाही. मेंढा म्हणजे धनगराच्या काठीपुढे मुकाट चालणारा, बाजारात दात पाहून विकत घेतला जाणारा गरीब प्राणी. त्यामुळे गेल्या वर्षी आम्ही उभयता चिरंजीवांकडे टेक्सासात असताना आमच्या व्याह्यांनी टेलिफोनवर "नाताळात सगळे मिळून एडक्याच्या शिकारीला जाऊ" असे सुचवले, तेव्हा मी तो शब्द त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतला.

व्याही जातिवंत टेक्सन. सत्तरी ओलांडलेले, उंच, बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. त्यांची कन्या आमची सून. सूनबाईंनी आपली पहिली शिकार तेराव्या वर्षी केली, हे लग्नाच्या वेळी आम्हाला कोणी सांगितले नव्हते. आता आमच्या बारा वर्षांच्या नातीची पाळी होती.

सौभाग्यवतींनी ताबडतोब हरकत नोंदवली. "मटण हवे तर त्या देशात दुकानात मिळत नाही का?" हा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा त्यांनी रात्री सगळे झोपल्यावर मांडला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आम्ही जाणार होतो त्या डोंगराळ भागाच्या कडेलाच उव्हाल्डे गाव आहे. तिथल्या प्राथमिक शाळेत २४ मे २०२२ रोजी एका अठरा वर्षांच्या पोराने १९ मुले आणि २ शिक्षिका गोळ्या घालून मारल्या. "त्या देशात पोरीच्या हातात बंदूक द्यायची आणि आपण कौतुकाने बघायचे?" सौ. म्हणाल्या. माझ्यापाशी उत्तर नव्हते. चिरंजीवांपाशीही नव्हते. त्यांनी जन्मात दिवाळीच्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही हाताळलेले नाही.

सूनबाईंनी मात्र सासूबाईंना समोर बसवून सगळे सांगितले. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला टेक्सासात शिकारीआधी रीतसर शिक्षण घ्यावे लागते. नात त्या परीक्षेला बसून पास झाली होती. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजायचे. नळी माणसाकडे वळवायची नाही. आणि सावजाच्या पलीकडे काय आहे हे दिसल्याखेरीज चापाला बोट लावायचे नाही. नातीने हे पाढ्यांसारखे म्हणून दाखवले. सौ. एवढेच म्हणाल्या, "मग मीही येते. मला बघायचे आहे."

सॅन अँटोनिओहून वायव्येला दोनेक तास गेले की तो प्रदेश लागतो. पायाखाली चुनखडीचा दगड, वर ओकची बुटकी झाडे, आणि मेस्किटची काटेरी झुडपे. हे मेस्किट आपल्या वेड्या बाभळीचे सख्खे भावंड आहे. फड्या निवडुंग तर जागोजाग. तो मूळचा तिकडचाच, आपल्या बांधांवर पाहुणा म्हणून येऊन मालक झाला. सौ. मोटारीतून बाहेर बघत म्हणाल्या, "हे तर माण तालुक्यासारखेच आहे की." फरक होता तो कुंपणाचा. आठ फूट उंच तारेची जाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मैलोन् मैल चालली होती. टेक्सासातली पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक जमीन खाजगी मालकीची आहे. तिथे रान बघायचे तर आधी कोणाचे तरी फाटक उघडावे लागते.

त्या जाळीकडे बघत व्याही बोलू लागले. त्यांना एका दमात इतके बोलताना मी प्रथमच ऐकत होतो. हा सारा मुलूख पूर्वी मेंढ्यांचा होता. १९४३ साली टेक्सासात एक कोटी आठ लाख मेंढ्या होत्या. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, सैनिकांच्या गणवेशांना लोकर हवी. व्याह्यांचे वडील सॅन अँजेलोजवळ मेंढ्या पाळीत. पुढे १९५० नंतर सात वर्षे पावसाने पाठ फिरवली. त्यातून तगलेल्यांना नायलॉन आणि पॉलिएस्टर या नव्या धाग्यांनी गाठले. १९५४ च्या कायद्याने सरकार लोकरीमागे अनुदान देऊ लागले आणि त्या टेकूवर धंदा चाळीस वर्षे उभा राहिला. १९९३ साली काँग्रेसने तो टेकू काढायचे ठरवले आणि १९९५ अखेर तो निघाला. आज टेक्सासात मेंढ्या उरल्या आहेत सात लाखांच्या आसपास. व्याह्यांच्या वडिलांनी १९९६ साली जमीन विकली. घेणाऱ्याने आधी मेंढ्या काढल्या आणि मग उंच जाळी बांधली.

जाळी कशासाठी, तर शिकारीच्या जनावरांसाठी. तिथला कायदा मोठा गमतीचा आहे. त्या मातीतले हरीण सरकारचे. त्याला मारायचा हंगाम ठरलेला, संख्या ठरलेली. बाहेरून आणलेले जनावर मात्र जाळीच्या मालकाचे. त्याला हंगाम नाही आणि संख्येचे बंधनही नाही. शिकाऱ्याकडे परवाना आणि मालकाची संमती असली की झाले. ज्या रानात लोकरीचे पैसे येईनात त्या रानात शिंगांचे येऊ लागले.

आमच्या मुक्कामाच्या रँचवर जेवणघराच्या भिंतीला एक दरपत्रक टांगलेले होते. पहिल्याच ओळीत आमचा एडका, 'कॉर्सिकन' या भारदस्त नावाने. त्याची वंशावळ पुराणात शोभेल अशी आहे. कॉर्सिका आणि सार्डिनिया बेटांवर मूफ्लॉन नावाचा रानमेंढा असतो. हजारो वर्षांपूर्वी माणसाने तिथे नेलेल्या पाळीव मेंढ्याच सुटून रानात गेल्या आणि त्यांचा हा वंश झाला. तो अमेरिकेत आणून तिथल्या पाळीव मेंढ्यांशी त्याचा संकर केला, तेव्हा हा 'कॉर्सिकन' निपजला. म्हणजे पूर्वज माणसाळले, मग रानटी झाले, पुन्हा पाळीवांत मिसळले, आणि आता पैसे देऊन त्यांना रानटी म्हणायचे! किंमत शिंगांवर. त्यांचा वेढा जितका पुरा आणि इंच जितके जास्त तितका आकडा वर. आमच्या नातीसाठी ठरलेल्या एडक्याच्या पैशांत पुण्यात एक बरी स्कूटर आली असती.

मी दरपत्रक खालपर्यंत वाचत गेलो आणि एका ओळीवर थांबलो. तिथे काळवीट होता. त्याच्या खाली चितळ. आपलीच मंडळी, डॉलरमध्ये. ही दोन्ही जनावरे १९३२ च्या सुमारास टेक्सासच्या या भागात आणली गेली. १९८८ च्या गणतीत तिथे वीस हजारांवर काळवीट निघाले. पाकिस्तानात काळवीट नामशेष झाला, तेव्हा १९७० साली टेक्सासातूनच काही जनावरे तिकडच्या लाल सुहांरा उद्यानासाठी पाठवावी लागली. संध्याकाळी फेरफटक्याला निघालो तर तीस-चाळीस काळविटांचा कळप समोरून उड्या घेत गेला. काळेभोर पाठीचा, पिळदार शिंगांचा नर सगळ्यांच्या मागे. सौ. हात जोडायच्याच बाकी होत्या. मला मात्र भिंतीवरचा आकडा आठवत होता आणि तो मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. थंडी हाडात शिरणारी. व्याह्यांनी चिमूटभर माती हवेत सोडून वारा बघितला. पुढे रँचचा वाटाड्या, मागे सूनबाई आणि नात, त्यामागे आम्ही सगळे वऱ्हाड. तासाभराने ओकच्या बनाच्या कडेला आठ-दहा मेंढरे दिसली. त्यांत एक मोठा एडका होता. छाती काळी, पाठ तांबूस, शिंगे कानामागून वळून गालांपाशी आलेली. सूनबाईंनी तीन काठ्यांचे तिकाटणे उभे केले. नातीने रायफल टेकवली. शंभर पावलांचे अंतर.

मी श्वास धरला. सौ. नी माझी बाही धरली. दुर्बिणीतून पाहिले तर एडक्याच्या मागे एक मेंढी चरत होती, तिचे फक्त कान दिसत होते. नात दीड-दोन मिनिटे तशीच उभी राहिली असेल. मग तिने खटका मागे सारला आणि मान उचलली. मेंढरे बनात शिरली आणि दिसेनाशी झाली. वाटाड्याने खांदे उडवले. व्याही फक्त "शाबास" म्हणाले. त्या एका क्षणाने सौ. च्या निम्म्या हरकती गेल्या, हे मला बाहीवरच्या पकडीवरून कळले.

दुपारी उतारावर तोच एडका पुन्हा आढळला. या खेपेस एकटा, आडवा उभा, मागे मातीचा चढ. बार झाला. एडका वीस-तीस पावले पळाला आणि गुडघ्यांवर बसून कलंडला. आम्ही पोचलो तेव्हा सूनबाईंनी काडीने त्याच्या डोळ्याला स्पर्श करून पाहिले. पापणी हलली नाही. नातीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने मला मराठीत विचारले, "आजोबा, त्याला दुखले असेल?"

"असेल. थोडा वेळ," मी म्हणालो. ती रडली, पण तिथून हलली नाही. पोट फाडून आतडी काढताना आईने सांगितले तसे तिने पाय धरून ठेवले. पुढे शिंगावरची वळी मोजली. दरवर्षी एक वळे पडते. पाच निघाली.

व्याही एका बाजूला गुडघे टेकून बसले होते. त्यांनी तळहात एडक्याच्या पाठीवरून उलटसुलट फिरवला, जसा धनगर बाजारात फिरवतो तसा. त्या जातीला लोकर नसते, नुसते आखूड केस. "माझा बाप याला फुकट घेतला नसता," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बाबा एका एडक्याची लोकर आठ-आठ वर्षे कातरायचे. हा एकदाच कातरला जातो."

त्या रानात मला पटलेला सर्वांत खरा हिशेब हा. मी याला मर्दुमकी म्हणणार नाही. आठ फुटी जाळीच्या आत, ठरल्या वेळी मका टाकून वाढवलेल्या जनावराला दुर्बीण लावलेल्या बंदुकीने मारणे यात शौर्य कसले? तसे व्याहीही म्हणत नव्हते. पण रविवारी पिशवी घेऊन खाटकाच्या दुकानी जाणाऱ्या आणि सुरी पडताना दुसरीकडे बघणाऱ्या माझ्यासारख्याने नाक मुरडावे असेही काही मला तिथे दिसले नाही. त्या रात्री सौ. नी साताऱ्याहून नेलेला काळा मसाला काढला आणि त्याच एडक्याचा रस्सा केला. विहीणबाईंनी डोळ्यांतून पाणी काढत दोनदा वाढून घेतला. नात गप्प गप्प जेवली आणि ताटात काही टाकले नाही. एरवी ती निम्मे टाकते.

आणखी एक गोष्ट व्याह्यांनी परतीच्या वाटेवर सांगितली. टेक्सासच्या पश्चिमेकडच्या उघड्या डोंगरांत तिथला स्वतःचा रानमेंढा असे, बिगहॉर्न. शिकार आणि पाळीव मेंढ्यांचे रोग यांनी १९६० च्या सुमारास तो त्या राज्यातून नाहीसा झाला. पुढे इतर ठिकाणांहून आणून तो पुन्हा वसवला. मध्यंतरी, १९५७-५८ साली, उत्तर आफ्रिकेतला औदाद नावाचा दांडगा मेंढा शिकारीसाठी राज्याच्या उत्तर भागात सोडला होता. तो पसरत पसरत त्याच डोंगरांत पोचला. आता तो बिगहॉर्नचा चारा खातो आणि त्याच्यामार्फत न्यूमोनियाची साथही बिगहॉर्नला लागते. जाळीआतल्या पाहुण्याला किमतीने जगवले, आणि जाळीबाहेर पडलेला पाहुणा घरच्याच्या मुळावर आला.

आपण दुसरी वाट धरली. १९७२ च्या कायद्याने काळविटाची शिकार बंद केली, आणि १९८० साली अहमदनगर जिल्ह्यात (आता त्याचे नाव अहिल्यानगर) कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे अभयारण्य झाले. आपल्या काळविटाला किंमतच नाही. त्याच्या नावाने दरपत्रक लावणारा तुरुंगात जाईल. म्हणून तो आहे. पण त्याची भूक कोणाच्या तरी शेतातून भागते, आणि ज्याची ज्वारी जाते त्याला त्या काळविटाचे एक पैशाचे उत्पन्न नाही. तिकडे रान टिकवायला जनावर विकावे लागते, इकडे जनावर टिकवायला शेतकऱ्याने सोसावे लागते. फुकट काहीच टिकत नाही. फक्त पैसे कोण मोजतो एवढाच प्रश्न. व्याह्यांच्या घराण्याने मेंढ्यांच्या किमती दोनदा बदललेल्या पाहिल्या. लोकरीचा भाव गेला तेव्हा मेंढ्या गेल्या. उद्या शिंगांचा भाव गेला तर त्या जाळीतल्या जनावरांचे काय होईल, हे मी त्यांना विचारले होते. ते बराच वेळ मोटार चालवत राहिले.

या हिवाळ्यात नात इकडे यायची आहे. तिला काळवीट जाळीशिवाय बघायचा आहे, असे तिने आजीला कळवले आहे. रेहेकुरीला जायचे ठरले. दुर्बीण आण, असे मी उलट कळवले, तिकाटणे नको.