डाग घासू नका!

श्रीवर्धनच्या कुठल्याही वाडीत सकाळी डोकावून बघा. आजीच्या पसरलेल्या पायांवर बाळ पालथं, अंगाला खोबरेल तेल, मग डाळीचं पीठ लावून खसाखसा चोळणं आणि वर कढत पाणी. त्यात माया किती असते, हे काय सांगायला हवं? पण मैत्रिणींनो, एखाद्या बाळाच्या बाबतीत नेमकी हीच माया त्रासाची ठरते.

बाळ चार-सहा महिन्यांचं होतं आणि पाठीवर, पोटावर तपकिरी डाग दिसू लागतात. मग घरोघरचे निदान सुरू! ‘डास चावले असतील’, ‘उष्णता आहे गं’, ‘बाळंतपणात काय काय खाल्लंस?’ आईच्या डोळ्यांत पाणी. कुणी म्हणतं, मळ असेल, नीट चोळ. चोळलं की डाग लाल होऊन आणखी फुगतात, खाज सुटते.

या दुर्मीळ विकाराचं नाव ‘अर्टिकेरिया पिग्मेंटोझा’. १८६९ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड नेटलशिप यांनी त्याची नोंद केली. आपल्या सगळ्यांच्या त्वचेत ‘मास्ट’ पेशी असतात. या मुलांच्या त्वचेत त्या जागोजागी जास्त साठतात. घर्षण किंवा उष्णतेनं त्यांतून हिस्टामिन सुटतं आणि गांधी उठतात. हा कॅन्सर नव्हे, कोड नव्हे, संसर्गजन्य तर मुळीच नव्हे. आईच्या खाण्याचाही यात दोष नाही.

त्वचारोगतज्ज्ञ एखादा डाग हलकेच घासून पाहतात. काही मिनिटांत तो फुगला, की निदानाची मोठी खूण मिळते. शंका उरली तर बायोप्सी किंवा रक्ततपासणी. घरी मात्र हा प्रयोग पुन्हा पुन्हा करू नका.

उपचार साधे आहेत. कोमट पाणी, मऊ सुती कपडे, पंचानं टिपून घेणं आणि डॉक्टरांनी दिलेलं खाजेचं औषध. अॅस्पिरिन, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध मनानं देऊ नका. शस्त्रक्रियेपूर्वी भुलीच्या डॉक्टरांना हा विकार आवर्जून सांगा. गांधीलमाशी चावल्यावर किंवा एरवीही मूल निपचित पडलं, श्वास लागला, तर तडक दवाखाना गाठा. बहुतेक मुलांचे डाग वयात येईपर्यंत फिके होतात किंवा जातात.

श्रीवर्धनहून अलिबाग किंवा मुंबई गाठायची म्हणजे पूर्ण दिवस मोडतो, रोजही बुडतो. म्हणून मेडिकलमधून कुठलंसं मलम आणलं जातं. तसल्या मलमांत बरेचदा स्टिरॉइड असतं. त्यापेक्षा फुगलेल्या डागाचा मोबाइलवर फोटो काढा आणि आधी गावातल्याच डॉक्टरांना दाखवा. गरज पडली तर परळचं वाडिया रुग्णालय मुलांसाठीच आहे.

आणि हो, मुलगी असली की ‘हिचं पुढं कसं होणार’ हा सूर लागतो, तो आधी थांबवू या. दृष्ट लागू नये म्हणून बाळाला काळी तीट आपणच लावतो ना? निसर्गानं चार जास्त लावल्या, एवढंच!