पिकअप, कॅराव्हॅन आणि खर्दुंगचा उतार



गेल्या महिन्यात साताऱ्याहून माझ्या बॅचमेटचा फोन आला. आम्ही एकाच दिवशी भरती झालो, तो माझ्या दोन वर्षं आधी पेन्शनवर गेला. फंडाचे पैसे हातात आहेत, मुलगी सासरी गेली, आता त्याला गाडी घ्यायची आहे. डबल कॅबची पिकअप आणि तिच्यामागे कॅराव्हॅन. साधीसुधी नाही. वीस फुटी, आत दोन पलंग, ओटा, संडास-बाथरूम, शंभर लिटर पाण्याची टाकी. परदेशातले व्हिडिओ बघून नकाशा तयार आहे, सातारा ते लेह. आपल्या राज्यात २०२१ला कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं, तेव्हापासून असे फोन मला बरेच येतात. एमटीत आयुष्य काढलेल्या माणसाला लोक मेकॅनिक, ज्योतिषी आणि आरटीओ एजंट असं तिन्ही समजतात.

त्याचा प्रश्न एकच होता. "ओढेल ना रे?"

ओढेल. माझी तक्रार त्या प्रश्नाबद्दलच आहे. आजचं डिझेल इंजिन दोन टनांचा डबा सहज ओढतं. ऑस्ट्रेलियात याच आकाराच्या पिकअपला साडेतीन टनांपर्यंत ओढायची परवानगी असते, जाहिरातीत तोच आकडा मोठ्या अक्षरात असतो. पण ओढणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे. थांबवणं, वळवणं आणि सरळ ठेवणं ही तीन कामं उरतात, आणि त्यांचा आकडा जाहिरातीत नसतो.

तो म्हणाला, "अरे, आपला ट्रॅक्टर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढतो की!" बरं झालं बोलला. चार चाकी ट्रॉली आपलं वजन आपल्याच चाकांवर घेते, ट्रॅक्टरच्या हुकावर फार काही टाकत नाही. दोन चाकी ट्रॉली आठव. चढाला ट्रॅक्टरचं पुढचं चाक उचलतं आणि स्टेअरिंग हलकं होतं, मग कुणीतरी बोनेटवर जाऊन बसतो. कॅराव्हॅनचा एक्सल मधोमध असतो, म्हणजे ती दोन चाकी ट्रॉलीच्या जातीची. आणि ट्रॅक्टर वीसच्या वेगाने चालतो, तुला ऐंशीने जायचंय.

आता हिशेब. ट्रेलर सरळ चालायचा असेल तर त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार नाकावर, म्हणजे गाडीच्या हुकावर यावा लागतो. दोन टनांची कॅराव्हॅन धरली तर दोनशे ते तीनशे किलो. मधला अडीचशे घेऊ. हुक मागच्या एक्सलच्या साधारण सव्वा मीटर मागे असतो, आणि या पिकअपच्या दोन एक्सलमधलं अंतर तीन मीटरच्या थोडं वर. तरफेचा नियम लाव. मागच्या एक्सलवर अडीचशे नाही, साडेतीनशे किलो वाढतात, आणि पुढचे शंभर किलो कमी होतात. तीच पुढची चाकं गाडी वळवतात आणि ब्रेक लागतो तेव्हा मोठा वाटाही तीच उचलतात.

शिवाय हे अडीचशे किलो गाडीच्या स्वतःच्या वजन वाहण्याच्या मर्यादेतून जातात. समजा तुझ्या गाडीची मर्यादा पाचशे किलो. तू, वहिनी, जावई, मुलगी मिळून पावणेतीनशे. मागच्या हौद्यावर टप, हुकाचं लोखंड, जॅक, दुसरी स्टेपनी मिळून सव्वाशे. उरले शंभर. त्यात अडीचशे कसे बसवणार? इंजिन तक्रार करणार नाही, म्हणून माणसाला कळत नाही. गाडी मागून बसलेली आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर, अशी एखादी गाडी रात्री समोरून आली की समजावं, हिशेब न करता निघालेला गृहस्थ आहे.

नाकावर भार नको म्हणून सामान मागे टाकावं, असं वाटणं साहजिक आहे. ती चूक मी स्वतः केलेली आहे. जैसलमेरला पोस्टिंग असताना एका एक्सरसाइजला हलक्या गाडीमागे ट्रेलर जोडला, पाण्याचे भरलेले ड्रम मागच्या फळीला लावले, कारण उतरवायला सोपे. रस्ता सरळ, रिकामा, बाजूने वारा. सत्तर ओलांडल्यावर ट्रेलरने शेपटी हलवायला सुरुवात केली. आधी हातभर, मग पूर्ण लेनभर. माझा पाय ब्रेककडे गेला. शेजारी बसलेले उस्ताद ओरडले, "ब्रेक छोड!" गाडी थांबते, ट्रेलर थांबत नाही, तो मागून ढकलतो आणि मग गाडीच आडवी होते. मी पाय काढला, स्टेअरिंग सरळ धरलं, हळूहळू शेपटी शांत झाली. कडेला थांबून उस्तादांनी सगळे ड्रम मला एकट्याला एक्सलच्या पुढे हलवायला लावले. एप्रिल महिना होता.

कॅराव्हॅनला इलेक्ट्रिक ब्रेक असतील आणि त्याचं बटण ड्रायव्हरच्या हाताशी असेल तर अशा वेळी फक्त ट्रेलरचा ब्रेक दाबायचा, तो मागून ताणून सरळ करतो. वेग वाढवून सरळ करू पाहणाऱ्याच्या गाडीत मी बसणार नाही.

आता ब्रेक. आपल्याकडे गावोगाव वेल्डिंगच्या दुकानात ट्रेलर बनतात, त्यातल्या कित्येकांना ब्रेकच नसतात. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच. माझ्या मते हा आकडा प्रत्येकाने स्वतःचा म्हणून पाळावा, कुणी तपासो न तपासो. लेहला असताना एका ठेकेदाराची पिकअप जनरेटरचा ट्रेलर घेऊन खर्दुंग ला उतरत होती. ट्रेलरला ब्रेक नाहीत, पोरगं विशीतलं, मैदानी भागातलं, टॉप गिअरमध्ये ब्रेक दाबत दाबत येत होतं. साउथ पुल्लूला आम्ही त्याला थांबवलं म्हणण्यापेक्षा तो कसाबसा थांबला. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर, पेडल मऊ होऊन फ्लोअरला टेकलेलं.

त्याच्या जागी तुझी चार-साडेचार टनांची वरात धर. खर्दुंग ला ५,३५९ मीटर, लेह साडेतीन हजार. अठराशे मीटर उतरताना जी उष्णता तयार होते, तिच्यात दोनशे लिटरचा बॅरल थंड पाण्याने भरून उकळता येईल. त्यातली थोडी हवा घेते, थोडी इंजिन घेतं, उरलेली सगळी त्या चार डिस्क आणि ड्रमांच्या माथी. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधी गिअर खाली, वेग इंजिनच्या हवाली, ब्रेक अधूनमधून आणि ठाम. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हे उस्तादांचं जुनं वाक्य ट्रेलर मागे असताना आणखी एक गिअर खालचं धरावं.

वळणांबद्दल थोडंच सांगतो. ट्रेलर गाडीच्या चाकोरीत चालत नाही, आतून कापतो. हेअरपिन बेंडवर तू बाहेरून गेलास तरी कॅराव्हॅनचं चाक आतल्या नालीत. समोरून ट्रक आला तर मागे घ्यावं लागेल, आणि डोंगरात चढणाऱ्याचा हक्क पहिला, म्हणजे उतरताना मागे जाणारा तूच. आमच्या एमटी कॅडरला ट्रेलर रिव्हर्स घ्यायला आम्हाला दिवसचे दिवस लागले होते, को-ड्रायव्हर खाली उतरून इशारे करत असताना. मोटारीचं लायसन्स देताना हे कुणी विचारत नाही. साखर कारखान्याचं आवार हंगाम संपला की रिकामं असतं, तिथे आठवडाभर सराव कर. स्टेअरिंग खालून धर, ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात हलव.

आणि तिथल्याच वजनकाट्यावर तीनदा चढ. आधी फक्त गाडी, सगळी माणसं आणि सामान घालून. मग ट्रेलर जोडून, पण ट्रेलरची चाकं काट्याच्या बाहेर ठेवून. दोन आकड्यांतला फरक म्हणजे नाकाचा भार. मग पूर्ण वरात एकत्र. पाण्याची टाकी एकतर भरलेली किंवा रिकामी, अर्धी नको, अर्धं पाणी वळणावर आपलं वेगळं मत मांडतं.

प्रत्येक थांब्यावर हॉल्ट परेड. पिन, साखळ्या, लाइट, टायर, आणि प्रत्येक हबजवळ हाताचा पंजा. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय. कॅराव्हॅन वर्षातले दहा महिने उन्हात उभी असणार, तिचे टायर झिजायच्या आधी तडकतात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते वाचूनच निघ.

माझं मत त्याला आवडलं नाही. मध्यम पिकअपमागे भरलेली हजार-अकराशे किलोंची, ब्रेक असलेली, बारा फुटांची छोटी कॅराव्हॅन घे, साठच्या आत चालव, संडास-बाथरूम ढाब्यावर आणि पेट्रोल पंपावर मिळतो. वीस फुटीच हवी असेल तर ती गोव्याच्या वाटेवर एका जागी लावून ठेव आणि लेहला पिकअपने तंबू घेऊन जा. आपण दोघांनी तंबूत काय कमी वर्षं काढली?

तो म्हणाला, "वहिनींना तंबू नकोय." हा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता.

परवा त्याने फोटो पाठवला. कारखान्याच्या काट्यावर मित्राची पिकअप आणि भाड्याने आणलेला ट्रेलर, तिन्ही पावत्या हातात. नाकाचा भार निघाला चाळीस किलो. मी लिहिलं, ड्रम पुढे घे.