गुरुजीला मानधन, साहेबाला वेतनश्रेणी



जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे गाऱ्हाणे मांडले. तिजोरीत पैसा येतो रयतेच्या घामाचा आणि शिक्षणखाते तो उधळते वरच्या वर्गांवर. त्याच निवेदनात मास्तराच्या पगाराचा आकडाही होता: १२ रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात १५ ते २०. मास्तर उपाशी तर शाळा उपाशी, हे त्या माणसाला कळत होते.

आता आजचा हिशेब. २००० साली सरकारने 'शिक्षणसेवक' नावाचा प्राणी काढला. तीन वर्षे पूर्ण वेळ शिकवायचे, पगार नाही, मानधन. प्राथमिकला महिना ३,००० रुपये. पुढे ६,००० झाले, आणि २०२३ साली आरडाओरडीनंतर १६,०००. त्याच शाळेत, त्याच फळ्यावर शिकवणाऱ्या कायम शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होते. आणि जिल्ह्याच्या शिक्षणाधिकारी साहेबांचे? ५६,१०० पासून, भत्ते वेगळे. साहेबाला कधी तीन वर्षे 'शिक्षणाधिकारी सेवक' म्हणून राबवल्याचे ऐकले आहे कुणी?

साहेबाला पगार मिळू नये असे आमचे म्हणणे नाही. पण वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी दोन-दोन वर्ग घेऊन बसलेला असतो, दुसरा वरून मागवलेली माहिती भरत असतो. माहिती मागणारा पूर्ण पगारी, भरणारा मानधनावर! कापूस पिकवणारा कर्जात आणि तोलणारा बंगल्यात, यापेक्षा हे वेगळे काय?

वरच्यांचा हात पैशावर कसा असतो ते पोरांच्या गणवेशात दिसले. २०२४-२५ साली गावच्या शाळा व्यवस्थापन समितीकडून खरेदी काढून ती राज्यपातळीवर नेली. शाळा जूनमध्ये उघडल्या, कपडे कित्येक ठिकाणी महिनोन् महिने आले नाहीत. आले ते अंगाला बसेनात. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने गुपचूप काम पुन्हा समितीकडे दिले. गावच्या शिंप्याला पोराचे माप कळते, मंत्रालयाला कळत नाही.

गुरुजींनाही दोन शब्द ऐकवतो. तालुक्याला राहून गावातले घरभाडे उचलणारे काही कमी नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही भांडणार नाही. पण २२ वर्षांच्या पोराला, तेही बहुधा शेतकऱ्याच्याच पोराला, शेत गहाण टाकून डी.एड. केल्यावर अर्ध्या पगारात राबवणे ही उघड लूट आहे.

मागणी सरळ आहे. शिक्षणसेवक हा प्रकार बंद करा, पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन द्या. शाळेचा किरकोळ खर्च शाळा समितीच्या हातात ठेवा. कार्यालयाला माहिती हवी असेल तर कार्यालयाने कारकून पाठवावा.

जिल्हा सभेला येताना प्रत्येकाने आपल्या शाळेची मंजूर पदे, भरलेली पदे आणि त्यांतले मानधनावरचे किती, हे मुख्याध्यापकांकडून कागदावर लिहून आणावे. शिक्षणाधिकाऱ्यांसमोर तेच कागद ठेवायचे आहेत.