ताकदीची तालीम

'तालीम' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीतही हा शब्द आहे. पण मराठीत पहिलवान जेथे कसरत करतात, त्या जागेला तालीम म्हणतात. मला हे दोन्ही अर्थ एकमेकांच्या जवळचे वाटतात. कारण ताकद ही नुसती जन्माने मिळणारी देणगी नाही. तीही शिकावी लागते.

आपल्याकडे मात्र या शिक्षणाविषयी गैरसमज फार आहेत. "वजन उचलू नकोस, उंची खुंटेल," असे पालक सांगतात. "वजनाच्या व्यायामाने अंग जड होते आणि वेग कमी होतो," असे काही खेळाडू मानतात. म्हणून शाळेच्या संघातील मुले रोज धावतात. पण ताकद वाढवण्यासाठी काहीच करत नाहीत. याउलट काही मुले कोणालाही न विचारता जिममध्ये जातात आणि पहिल्याच आठवड्यात जड वजनाला हात घालतात. माझ्या मते या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत.

अंग जड होण्याची भीती जुनी आहे. एके काळी परदेशांतील प्रशिक्षकही खेळाडूंना वजनांपासून दूर ठेवत. अमेरिकेचा गोळाफेकपटू पॅरी ओब्रायन याने त्यांचे ऐकले नाही. त्याने नियमितपणे वजनाचा व्यायाम केला. १९५२ साली हेलसिंकी येथे आणि १९५६ साली मेलबर्न येथे त्याने ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले. १९५४ साली त्याने गोळा ६० फुटांपलीकडे फेकला. त्याआधी हे कोणालाही जमले नव्हते. याच हेलसिंकीच्या स्पर्धेत कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. आपल्या तालमींत जोर, बैठका आणि मुद्गल यांची मेहनत कितीतरी आधीपासून चालत आली आहे. म्हणजे ताकद कमावून खेळात उतरणे आपल्या मातीलाही परके नाही.

ताकदीचा वेगाशी काय संबंध? धावताना आपण प्रत्येक पावलाला जमिनीला मागे रेटतो. वेगाने धावणाऱ्या खेळाडूचे पाऊल जमिनीवर सेकंदाचा जेमतेम दहावा भाग टेकते. एवढ्या थोड्या वेळात जो अधिक जोर लावतो, तो पुढे जातो. नीरज चोप्राने ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळवले. भाल्याचे वजन अवघे ८०० ग्रॅम असते. पण तो इतक्या दूर फेकायला पाय, कंबर, पाठ आणि खांदा या सर्वांची ताकद लागते.

आपले स्नायू असंख्य तंतूंचे बनलेले असतात. मेंदू मज्जातंतूंच्या मार्फत त्यांना हुकूम देतो. सराव नसलेला माणूस आपल्या साऱ्या तंतूंना एकाच वेळी कामाला लावू शकत नाही. व्यायाम सुरू केला, की पहिल्या काही आठवड्यांत दंड फारसे फुगत नाहीत, तरी ताकद वाढते. कारण मज्जातंतू आपले काम शिकतात. म्हणूनच मी ताकदीला शिक्षण म्हणतो.

उंचीच्या भीतीचे काय? जाणकाराच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या व्यायामामुळे मुलांची वाढ खुंटते, असे संशोधनात आढळलेले नाही. धोका आहे तो घाईत आणि चुकीच्या पद्धतीत. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळचा भाग नाजूक असतो. म्हणून आधी जोर, बैठका, दोरीवरच्या उड्या. नंतर हलके वजन. आणि पद्धत नीट जमल्यावरच थोडी वाढ, हाच क्रम हवा. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत. मध्ये विश्रांती हवी, कारण स्नायू विश्रांतीतच सुधारतात. अति तेथे माती!

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. वजन उचलण्याचा खेळ वेगळा आणि खेळासाठी वजनाचा व्यायाम वेगळा. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले. त्याच स्पर्धेत त्याच्या कोपराला दुखापतही झाली. इतक्या तयारीच्या खेळाडूला जर इजा होते, तर मित्रांशी पैज लावून जड वजन उचलणाऱ्या मुलाचे काय होईल?

हे सारे मुलींनाही लागू आहे. मणिपूरच्या मीराबाई चानूने २०२१ साली टोकियोत ४९ किलो गटात एकूण २०२ किलो वजन उचलले आणि रौप्यपदक पटकावले. ताकद मुलींना शोभत नाही, असे यापुढे कोणी कोणत्या तोंडाने म्हणावे?

प्रत्येक शाळेने आठवड्यातले दोन तास ताकदीच्या व्यायामाला द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. मोकळी जागा, वाळूने भरलेल्या पिशव्या आणि लक्ष ठेवणारे शिक्षक एवढे पुरे. मात्र केवळ वजन उचलून कोणी धावपटू होत नाही. धावणाऱ्याने धावलेच पाहिजे, कबड्डीपटूने मैदानात उतरलेच पाहिजे. ताकद हे साधन आहे. आरशासमोर दंड दाखवण्यासाठी नव्हे, तर शेवटच्या दहा मीटरांत मागे पडू नये म्हणून ती कमवायची असते.